चार अर्थ आणि एक ओला कागद

मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार ‘अर्थ’ मानले जातात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून (१९११) शालेय पाठ्यपुस्तकांपर्यंत ही विभागणी आपल्याला परिचित आहे आणि वर्गात ती बहुधा एका तासात उरकली जाते. क्रियापदाच्या रूपावरून केवळ काळाचा बोध झाला तर स्वार्थ. आज्ञा, विनंती, उपदेश व्यक्त झाला तर आज्ञार्थ. कर्तव्य, योग्यता, शक्यता, इच्छा सूचित झाली तर विध्यर्थ. आणि अट व तिच्यावर अवलंबून असलेली गोष्ट सांगितली तर संकेतार्थ. या विभागणीच्या दृष्टीने आपल्या समीक्षेकडे पाहिले, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. समीक्षेचे गद्य जवळजवळ संपूर्णपणे स्वार्थात लिहिलेले असते. ‘या कवितेत ताण आहे’, ‘कादंबरीचा रूपबंध सैल झाला आहे’, ‘येथे प्रतिमांचा समतोल साधला आहे’. आहे, होते, साधले आहे. कृती पूर्ण होऊन समोर ठेवलेली आहे आणि तिच्याविषयी विधाने करावयाची आहेत, हे या गद्याचे गृहीतक असते.

हे निरीक्षण माझ्यापुरते तरी व्याकरणातून किंवा समीक्षेच्या वाचनातून आलेले नाही. गेली सहा वर्षे मी जलरंग शिकते आहे, त्यातून ते आले. या लेखात त्या शिक्षणाची हकिकत थोडी आणि त्यातून उभ्या राहिलेल्या प्रश्नाची चर्चा अधिक, असे प्रमाण ठेवण्याचा विचार आहे.

मी मराठीची अध्यापक. एम.ए.च्या वर्गाला सौंदर्यशास्त्र शिकवते. मराठी सौंदर्यविचाराचे एक वैशिष्ट्य असे, की त्याची महत्त्वाची उदाहरणे साहित्याबाहेरून आलेली आहेत. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये (१९५५) लयीचे संवाद, विरोध आणि समतोल हे नियम सांगितले जातात, तेव्हा रंग आणि नाद यांच्या संवेदना हीच त्यांची पहिली भूमी असते, साहित्यापर्यंत ते नंतर पोचतात. द. ग. गोडसे यांनी ‘पोत’ (१९६३) या शब्दाला मराठी कलाविचारात जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती हाताला आणि डोळ्याला जाणवणाऱ्या वस्त्राच्या अनुभवातून. प्रभाकर बरवे यांचा ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) तर चित्रकारानेच लिहिलेला. हे सारे वाचणाऱ्या आणि वाचून दाखवणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांचा कुंचल्याशी शेवटचा संबंध मात्र शाळेतल्या एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट परीक्षेपाशी संपलेला असतो. ज्या माध्यमाची उदाहरणे मी दरवर्षी फळ्यावर मांडते, ते माध्यम एकदा हातात घ्यावे, असे ४२व्या वर्षी वाटले. त्यामागे याहून मोठे कारण नव्हते.

कोल्हापुरात राहत असल्याने मार्गदर्शक शोधत फिरावे लागले नाही. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या गावात निसर्गचित्रण ही अजूनही सार्वजनिक गोष्ट आहे. रंकाळ्याच्या काठी किंवा पंचगंगेच्या घाटावर मांडीवर बोर्ड घेऊन बसलेला माणूस दिसला, तर येथे कुणी थबकून कुतूहलाने पाहत नाही. फार तर मागे उभे राहून चित्राविषयी मत देऊन जातो.

मला दोन मार्गदर्शक लाभले. पहिले एका माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. त्या वेळी त्यांनी पंचाहत्तरी ओलांडलेली होती. मी त्यांना सर म्हणे, आणि शिक्षकाने शिक्षिकेला म्हणावे तसे ते मला ‘बाई’ म्हणत. दुसरी एक तरुण चित्रकर्ती. ती माझ्यापेक्षा जवळपास वीस वर्षांनी लहान. कला महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली, भाड्याच्या एका खोलीत काम करणारी. मी तिला ‘अगं तू’ म्हणे, ती मला ‘मॅडम, तुम्ही’. या संबोधनांचा पुढील विवेचनाशी संबंध आहे, म्हणून त्यांची नोंद केली.

आणखी एका गोष्टीची नोंद आवश्यक आहे. सरांच्या उजव्या हाताला कंप होता. चित्रकलेचा शिक्षक सामान्यतः विद्यार्थ्याच्या कागदावर स्वतः ‘हात फिरवून’ शिकवतो. चार फटकाऱ्यांत जे दाखवता येते ते चारशे शब्दांत सांगता येत नाही, अशी त्या पेशाची धारणा असते. सरांना हात फिरवणे शक्य नव्हते. त्यामुळे त्यांना जे शिकवायचे होते ते सगळे भाषेतून शिकवावे लागले, आणि भाषेची अध्यापक असलेल्या विद्यार्थिनीला ते शब्द ऐकता आले.

त्या शब्दांत क्रियापदे फार होती. विशेषणे जवळजवळ नव्हती. ‘थांबा.’ ‘डोळे बारीक करा.’ ‘आता सोडा पाणी.’ ‘पुरे.’ ‘तिथं जाऊ नका, वाळू दे.’ पहिल्या कित्येक महिन्यांत ‘सुंदर’, ‘रम्य’, ‘तरल’ असा एकही शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. ‘लय’ तर नाहीच. जलरंगाची प्रक्रिया लक्षात घेतली, की या आज्ञार्थाचे कारण उलगडते. ओला कागद तीन अवस्थांतून जातो. आधी त्याच्यावर पाण्याची चकाकी असते. मग चकाकी जाते, पण कागद आतून दमट असतो. मग तो सुकतो. पहिल्या अवस्थेत सोडलेला रंग पसरतो आणि त्याची कड विरघळते. तिसऱ्या अवस्थेत लावलेला रंग स्वच्छ, धारदार कड धरतो. मधल्या अवस्थेत कुंचल्यातून पाण्याचा एखादा जास्तीचा थेंब पडला, तर ते पाणी आधीच्या रंगाचे कण बाहेर ढकलत नेते आणि कोबीच्या पानासारखी वेडीवाकडी कड उमटते. ती पुसता येत नाही. शिवाय ओला रंग गडद दिसतो आणि वाळल्यावर फिका पडतो. म्हणजे समोर दिसणाऱ्या रंगावर विश्वास ठेवायचा नसतो, होणाऱ्या रंगाचा अंदाज करायचा असतो. चैत्रात सकाळी नऊनंतर रंकाळ्यावर कागद पाहता पाहता सुकतो. आषाढात तोच कागद कितीतरी वेळ ओला राहतो. म्हणून सरांचे ‘थांबा’ प्रत्येक ऋतूत वेगळ्या लांबीचे असे. त्या शब्दाला अर्थ होता तो केवळ त्या कागदावर, त्या हवेत, त्या अर्ध्या मिनिटात. तो नियम म्हणून वहीत उतरवून घेण्यासारखा नव्हता.

येथे नियम आणि सूचना यांच्यात भेद करणे इष्ट ठरेल. दोन्ही आज्ञार्थात येऊ शकतात. पण नियम कृतीच्या आधीपासून तयार असतो, सूचना कृतीच्या आत जन्मते. प्रौढ वयात चित्रकलेकडे वळलेल्या व्हॅन गॉगचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १८८१च्या अखेरीस, वयाच्या २८व्या वर्षी, तो हेग येथे आंतॉन मॉव्ह या नात्यातल्या चित्रकाराकडे शिकू लागला. जलरंग आणि तैलरंग यांची पहिली वाट त्याला मॉव्हनेच दाखवली. परंतु मॉव्हने प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून रेखाटन करण्याचा आग्रह धरला, तेव्हा संबंध बिघडू लागले आणि १८८२मध्ये ते जवळजवळ तुटले. व्हिन्सेंटचा स्वभाव हे कारण पुरेसे आहे, असे म्हणता येईल. मला मात्र या भांडणात दोन प्रकारच्या आज्ञार्थांचा संघर्ष दिसतो. रंग कसा लावावा हे सांगणारा आज्ञार्थ त्याने मनःपूर्वक स्वीकारला, कारण तो त्याच्या हातातल्या कामाला उद्देशून होता. प्रतिकृतीवरून काढ, हा आज्ञार्थ अकादमीचा होता आणि तो कुणालाही, केव्हाही सांगता आला असता. १८८८मध्ये मॉव्हच्या निधनाची वार्ता कळल्यावर व्हिन्सेंटने आर्ल येथे रंगवलेल्या बहरलेल्या पीच वृक्षांच्या चित्रावर त्याच्या स्मृतीचे शब्द लिहिले. तुटलेल्या नात्यातूनही पहिल्या प्रकारचा आज्ञार्थ शिल्लक राहिला होता, असा याचा अर्थ लावता येतो.

तरुण मार्गदर्शिकेची भाषा याहून निराळी होती. मला, तिच्या दृष्टीने वडीलधाऱ्या प्राध्यापिकेला, ‘थांबा’ असे म्हणणे तिला जड जाई. त्यामुळे तिची सूचना नेहमी वळसा घेऊन येई. ‘मॅडम, इथला कागद राखावा का?’ ‘ही कड थोडी विरघळली तर चालेल ना?’ ‘इथं आणखी काही नसावं, असं मला वाटतं.’ याचे मूळ सामाजिक आहे हे उघड आहे. आदरार्थाच्या संकेतांनी तिला आज्ञार्थापासून दूर ठेवले. परंतु परिणाम कलाविषयक झाला. राखावा, नसावं, विरघळावी ही विध्यर्थाची रूपे निर्णय ऐकणाऱ्याकडे सोपवतात. सरांच्या आज्ञार्थाने माझा हात थांबे. तिच्या विध्यर्थाने मला पाहावे लागे. कागद राखावा का, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी तेथे पांढरा काय काम करील हे मनाशी पाहणे भाग होते. जलरंगात पांढरा हा लावण्याचा रंग नसतो. तो न लावण्याने मिळतो. पाण्यावरचा उजेड म्हणजे राखलेला कागद. न केलेल्या गोष्टीचा आगाऊ विचार करायला लावणारे रूप मराठीत विध्यर्थाचेच आहे.

आपल्या परंपरेतील कलाविषयक शास्त्रग्रंथांतही विधिलिङाची ‘कुर्यात्’, ‘कारयेत्’ यांसारखी रूपे पावलोपावली भेटतात. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र हा एक संवाद आहे. राजा वज्र शिष्याच्या जागी आणि मार्कंडेय गुरूच्या जागी. प्रतिमा घडवण्याचे शास्त्र विचारणाऱ्या राजाला त्यासाठी चित्र, चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि त्यासाठी गीत जाणावे लागेल, असे तेथे सांगितले जाते. जाणत्या वयाच्या माणसाला शिकवण्याची ही रीत लक्षणीय आहे. त्याला उत्तर देण्याऐवजी शेजारच्या कलेकडे पाठवले जाते. अशा ग्रंथांना आपण कर्मठ नियमावल्या म्हणून बाजूला ठेवतो. पण कृती अजून व्हावयाची आहे या जाणिवेने ते लिहिले गेले आहेत, हे त्यांचे व्याकरण सांगते.

पाश्चात्त्य विचारात या मुद्द्याच्या सर्वांत जवळ येतो तो विट्गेन्स्टाइन. १९३८मधील सौंदर्यशास्त्रावरील त्याच्या व्याख्यानांत (ती विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून १९६६मध्ये प्रसिद्ध झाली) त्याने असे दाखवले, की प्रत्यक्ष कलाव्यवहारात ‘सुंदर’सारखी विशेषणे फारशी काम करीत नाहीत. कापड बेतणारा शिंपी ‘हे फार लांब’, ‘आता बरोबर’ असे बोलतो. त्याचे रसिकत्व या बोलण्यात आणि कात्रीच्या हालचालीत असते. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’नंतर (१९७४) विट्गेन्स्टाइनची विचारपद्धती मराठी सौंदर्यचर्चेला अपरिचित राहिलेली नाही. परंतु आपण ती मुख्यतः संकल्पनांच्या विश्लेषणासाठी वापरली. शिंप्याच्या दुकानात, म्हणजे कृती घडत असलेल्या जागी, भाषा कशी वागते याची पाहणी आपण केली नाही.

मग मर्ढेकरांचे काय? त्यांची लयव्यवस्था या अनुभवाने निकालात निघते, असे मला वाटत नाही. उलट एका बाबतीत ती पूर्वीपेक्षा अधिक पटते. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी यांच्या मिश्रणातून करडा रंग मिळतो. हाच करडा नारिंगी आकाशाशेजारी ठेवला तर निळसर भासतो आणि निळ्या पाण्याशेजारी ठेवला तर तांबूस वाटू लागतो. रंगाला एकट्याने ओळख नसते; ती संबंधातून येते. संवेदनांच्या परस्परसंबंधांवर मर्ढेकरांनी दिलेला भर किती नेमका होता, हे एका ठिपक्याने कळते. परंतु संबंधाच्या जोडीला येथे दुसरी एक गोष्ट असते, ती म्हणजे क्रम. आकाश आधी, डोंगर नंतर. उजळ आधी, गडद नंतर. आणि दोहोंमध्ये थांबणे. पूर्ण झालेल्या चित्रात हे सारे एकाच वेळी उपस्थित असते आणि क्रम अदृश्य होतो. समीक्षकाला संबंध दिसतात. मार्गदर्शकाला क्रम दिसतो. मर्ढेकरांची परिभाषा संबंधांची आहे, म्हणून ती स्वार्थात उत्तम चालते. क्रमाविषयी बोलायचे झाले की आज्ञार्थ आणि विध्यर्थ लागतात. एक परिभाषा दुसरीची जागा घेऊ शकत नाही. मात्र पहिलीलाच संपूर्ण सौंदर्यविचार मानले, तर कलानिर्मितीचा अर्धा भाग भाषेबाहेर राहतो.

रवींद्रनाथांचे उदाहरण या विवेचनाला छेद देते, असे कुणी म्हणेल. वयाच्या साठीनंतर ते चित्रकलेकडे वळले आणि त्यांनी तिचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. १९२४मधील ‘पूरबी’च्या हस्तलिखितात खोडलेले शब्द एकमेकांना जोडता जोडता आकार उमटू लागले आणि १९३०मध्ये पॅरिसला व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्या पुढाकाराने त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. येथे मार्गदर्शक कोठे आहे? माझ्या मते तो त्या खाडाखोडीतच आहे. खोडणे म्हणजे ‘हा शब्द येथे नसावा’ हा विध्यर्थ. कवी म्हणून जन्मभर स्वतःला दिलेल्या सूचनांच्या खुणांतूनच त्यांची रेषा निघाली. ज्याला स्वतःशी विध्यर्थात बोलण्याचा इतका सराव आहे, त्याला बाहेरच्या मार्गदर्शकाची गरज कमी भासावी, हे समजण्यासारखे आहे. इतरांना तो आवाज आधी बाहेरून ऐकावा लागतो.

आणि तो बाहेरचा आवाज कायम राहत नाही. गेल्या वर्षापासून सर घराबाहेर पडत नाहीत. महिन्यातून एकदा मी चित्रे घेऊन त्यांच्याकडे जाते. ती वाळलेली, माऊंट केलेली, पूर्ण झालेली असतात. सर ती हातात धरतात, लांब धरून पाहतात आणि म्हणतात, ‘बरं आहे.’ कधी म्हणतात, ‘आकाश चांगलं आलंय.’ पूर्ण झालेल्या कागदापुढे त्यांच्याकडेही स्वार्थच उरतो, आणि तो तुमच्या-माझ्या समीक्षेइतकाच संदिग्ध असतो. ज्या माणसाच्या एका ‘थांबा’मध्ये हवेतील ओलावा, कागदाची जाडी आणि माझ्या हाताची घाई यांचा हिशेब सामावलेला असे, त्याच्या ‘बरं आहे’मधून मला काहीच शिकता येत नाही. त्यांचे ज्ञान कमी झालेले नाही. ते ज्या क्षणाला उद्देशून बोले, तो क्षण त्यांच्यासमोर येत नाही. त्यांच्या सूचना मी पूर्वीपासून टिपून ठेवत आले आहे. वही भरली आहे. ‘थांबा’ हा शब्द तिच्यात अनेकदा आहे आणि किती थांबायचे हे त्यात कोठेही नाही.

एकदा मात्र त्यांनी संध्यामठाच्या एका चित्रावर बोट ठेवून विचारले, ‘इथं थांबला असता तर काय झालं असतं, सांगा.’ हा संकेतार्थ, व्याकरणातला चौथा अर्थ. मला उत्तर देण्यासाठी ते पूर्ण चित्र मनात पुन्हा ओले करावे लागले. पाण्यात उतरलेली मठाची सावली आणखी पसरली असती; पायऱ्यांची कड गेली असती; कदाचित मठ अधिक दूर गेला असता. सर ऐकत राहिले आणि म्हणाले, ‘मग आता पुढच्या चित्रात बघा.’ त्या दिवशी मी घरी येताना शिकून आले होते.

पूर्ण कृतीविषयी बोलण्याचा स्वार्थाखेरीज दुसरा मार्ग आहे, असे मला यावरून वाटते. ज्ञानदेवांना किंवा मर्ढेकरांना ‘थांबा’ म्हणणे हास्यास्पद आहे. आज्ञार्थ समीक्षकाला उपलब्ध नाही आणि नसावा. पण संकेतार्थ उपलब्ध आहे. ही ओळ आधी आली असती तर? हे कडवे नसते तर? पाठभेदांचा अभ्यास करणारे संशोधक एका मर्यादेपर्यंत हेच करतात. त्यांच्या कामाकडे आपण संपादनाची पूर्वतयारी म्हणून पाहतो, समीक्षा म्हणून नाही. वस्तुतः नाकारलेला शब्द हा निवडलेल्या शब्दाचा शेजारी असतो आणि करड्या रंगाप्रमाणे निवडलेला शब्दही शेजाऱ्यावाचून ओळखता येत नाही.

गेल्या वर्षी एम.ए.च्या वर्गात मी एक लहान प्रयोग केला. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या अपुऱ्या कविता आणायच्या, आणि इतरांनी त्यांच्याविषयी बोलताना ‘आहे’ हे क्रियापद वापरायचे नाही. पहिली दहा मिनिटे शांततेत गेली. ज्यांच्याजवळ ‘प्रतिमासृष्टी’, ‘आत्मनिष्ठा’, ‘विद्रोह’ हे शब्द तयार होते, त्यांची अडचण अधिक झाली, कारण या शब्दांना ‘आहे’शिवाय उभे राहता येत नाही. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘आई हा शब्द इतक्या लवकर येऊ नये.’ ज्याची कविता होती त्या मुलाने मान वर करून विचारले, ‘मग कुठं यावा?’ पुढचा तास या एका प्रश्नावर गेला. त्या कवितेचा दर्जा काय, हे त्या दिवशी कुणीही ठरवले नाही. पण शब्द येण्याला वेळ असते, हे वर्गाला मला सांगावे लागले नाही.

एवढ्यावरून सिद्धांत उभारण्याचा माझा मानस नाही. मूल्यमापन हे समीक्षेचे काम आहे आणि ते स्वार्थातच करावे लागेल. मात्र स्वार्थाने केवळ निकाल नोंदवला जातो. तो ज्याला उद्देशून आहे असा कुणी त्या वाक्यात उरत नाही. विद्यापीठीय समीक्षा कुणाशी बोलते, हा प्रश्न आपण वारंवार विचारतो आणि त्याचे उत्तर वाचकांच्या संख्येत किंवा परिभाषेच्या बोजडपणात शोधतो. ते काही अंशी क्रियापदाच्या रूपातही शोधावे, असे मला सुचवायचे आहे. आपल्याकडे संशोधनासाठी येणारा विद्यार्थी पहिल्या प्रकरणाचा कच्चा खर्डा घेऊन येतो, तेव्हा त्याचा कागद अजून ओला असतो. त्या अर्ध्या मिनिटात आपण कोणत्या अर्थाने बोलतो, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असावे.